बनातले बाराशे मीटर

कळंब, ता. इंदापूर
३ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पंधरा दिवस रोज कागद पुढं घेतो आणि रोज उठून जातो. लिहायचं टाळलंच, कबूल करतो. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर पत्रात नुसत्या शिव्या असत्या. दुसऱ्या आठवड्यात लखनच्या दुधाच्या टेंपोत बसून भिगवणला गेलो. पाण्यावर रोहित पक्षी आलेत, ताई. थवाच्या थवा एका पायावर उभा, आणि एकाचाही तोल जात नाही. दोन दिवस एका नावाड्याच्या घरी राहिलो. त्याची बायको माशाचं कालवण असलं तिखट करते की... असो. राग तिथंही उतरला नाही.

फोन करणार नाही. माझी दोन वाक्यं होईतो तू रडायला लागतेस आणि मग मलाच तुझी समजूत काढावी लागते. ह्या वेळी ते जमायचं नाही. लखन हे पत्र तुझ्या डेअरीच्या गेटवर देईल, उत्तरही त्याच्याकडंच दे.

एकोणीस जानेवारीला मी सोळा किलोमीटर पुरे पळालो. कालव्याची वाट, मग वनखात्याचं बन, मग परत कालवा. दुसरा आलो. घाम वाळायच्या आत, शर्यतीचे पंच म्हणून, अजितदाजींनी माझं घड्याळ मागून घेतलं, फोनला जोडलं आणि माईकवर सांगितलं, की ह्यात चौदा किलोमीटर आठशेच भरतात, ह्यानं बनातली वळणं तोडून आडवी धाव मारली, सबब हा बाद. वर हेही म्हणाले, की मी सख्ख्या मेव्हण्यालाही सोडत नाही. त्याला टाळ्या पडल्या! माझ्या गळ्यातलं पदक काढून तिसऱ्या आलेल्या विराजच्या गळ्यात घातलं. आणि तू स्टेजच्या पायरीशी उभी होतीस, माझंच जर्किन हातात धरून. तुझ्या तोंडातून एक शब्द फुटला नाही.

एक तारखेपासून मी भरती अकॅडमीत पोरांना पळायला शिकवणार होतो, हे तुला ठाऊक आहे. त्यांचा निरोप आला, की फसवून पळणारा उस्ताद आम्हाला नको. दहावीत गटांगळी खाल्लेल्या माणसाला असं काम परत कोण देणार? आयुष्यात पहिल्यांदा एका जागी टिकायची माझी तयारी झाली होती, ताई.

पदक ठेवा तुम्हीच. दाजींनी ज्या माईकवर मला चोर केलं, त्याच माईकवर तेवीस तारखेच्या पुढच्या धावेआधी ते शब्द परत घ्यावेत. अकॅडमीवाले तेव्हा तिथं असतात. एवढंच मागणं.

द्वारकाआत्या बरी आहे. माझ्या रागाला ती दोन वेळा जेवू घालते.

रागावलोय, पण तुझी माया आटू देऊ नकोस.
तुझा,
सिद्धू

*

बारामती
६ फेब्रुवारी २०२५

चि. सिद्धूस,
अनेक आशीर्वाद.

सगळी शिफ्ट गेटवर मोटरसायकली लावत असताना लखननं, मॅडम तुमच्या भावाची चिठ्ठी, म्हणून अशी आरोळी ठोकली की वॉचमनपासून सुपरवायझरपर्यंत सगळे माझ्याकडं बघायला लागले. पुढच्या वेळी त्याला जरा हळू बोलायला सांग.

तू रागावलास, मीही रागावले आहे. इकडं मी लोकांची तोंडं चुकवत डेअरीत जाते आणि तू पक्षी बघत बसतोस! तुझा राग एका जागी बसेल तर शपथ.

स्टेजवर मी काय बोलायला हवं होतं ते तूच सांग. नकाशा मी डोळ्यांनी पाहिला. बनातल्या ओढ्यात वाट किती वळणं घेते ते पोरापोरांना माहीत आहे, आणि तुझी रेघ तिथं पट्टीनं ओढल्यासारखी सरळ. ती रेघ ह्यांनी मारलेली नाही, तुझ्याच मनगटावरच्या घड्याळानं मारली. ते घड्याळ तरी कुणाचं? ह्यांनी स्वतःच्या हातचं काढून तुला दिलेलं. बाकी सगळ्यांच्या घड्याळात सोळाच्या आसपास आलं. तुझ्याच घड्याळानं तुझ्याशी दावा मांडला म्हणायचं का?

आणि एक खरं लिहिते. त्या क्षणी माझीच खात्री नव्हती. आयटीआय तू अर्ध्यात सोडलंस. कोल्हापूरचं हॉटेल सहा दिवसांत. द्राक्षाच्या छाटणीची टोळी मालकाला न सांगता. मला वाटलं, हा वाटही अर्ध्यात सोडू शकतो. तुझ्याशी खोटं बोलून मला काय मिळणार?

पळाला असशील तर दाखवून दे. रुसून बसण्यानं काही सिद्ध होत नाही.

आत्याला नमस्कार. जेवत जा.
तुझी,
संजीवनीताई

*

कळंब
११ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ते वाक्य मी आत्याला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती, तशीच थांबली. म्हणाली, की पोरगं अर्ध्यात सोडतंय ह्ये खरं हाय, पण चोरून काय घेत न्हाय, संजीला एवढं बी कळंना व्हय? मग तवा उतरवला आणि मलाच दटावलं, की रडगाणं पुरं, चल मोजू.

दाजींसारखं वाट मोजायचं यंत्र आमच्याकडं नाही. आत्याच्या बांधावर ठिबकची जुनी नळी पडली होती. तिला दर अर्ध्या मीटरवर पाणी ठिबकायचं एकेक भोक असतं. दोनशे भोकं मोजली आणि तिथं नळी कापली. झाले शंभर मीटर, एका बोटाचाही फरक नाही. बनाच्या लोखंडी फाटकापासून पलीकडच्या वनतळ्यापर्यंत ती वाटेवर अंथरत गेलो. एक टोक आत्याकडं, एक माझ्याकडं. वाट वळली की नळी वळवायची. कुठं नळी सरळ ताणली गेली की आत्या मागनं ओरडायची, की आरं लबाडा, झाडाला वळसा घाल. प्रत्येक शंभराला तिच्या जुन्या लुगड्याची एक चिंधी फांदीला बांधली. मधे एक घोरपड आडवी आली. तिच्या मागं मी जरा लांब गेलो, तेव्हा आत्यानं चप्पल हातात घेतली होती. पण मोजणी पुरी केली, अर्ध्यात सोडली नाही, हे तू दोनदा वाच.

एकेचाळीस चिंध्या आणि वर चाळीस भोकं. चार हजार एकशे वीस मीटर. म्हणजे दाजींच्या कागदावरचं बनाचं अंतर बरोबर आहे, त्यांच्याशी माझं भांडण नाही.

आता ऐक. तेच घड्याळ बांधून तीच वाट, चिंधी न् चिंधी शिवत, मी शर्यतीच्या वेगानं पळालो. घड्याळात आले दोन हजार नऊशे वीस. बाराशे मीटर गायब! शर्यतीत कमी पडले ते बरोबर एवढेच, बेरीज करून बघ.

मग मी घड्याळ उकरत बसलो. त्याचं इंग्रजी एकेक अक्षर लावून वाचायला अर्धा तास गेला. आत बॅटरी वाचवायची सोय चालू आहे. ती चालू असली की घड्याळ मिनिटातून एकदाच जागा टिपतं. मिनिटात मी सव्वादोनशे मीटर जातो, आणि ओढ्यात तेवढ्यात वाट तीनदा वळते. घड्याळाला वळणं दिसतच नाहीत. मागचा ठिपका, पुढचा ठिपका, मधे सरळ रेघ. ती तुझी पट्टीची रेघ! त्यात वर सुबाभळीचं छत, ठिपकासुद्धा धड जागेवर पडत नाही. सोय बंद करून परत पळालो, तर तीन हजार नऊशे पन्नास आले. म्हणजे झाडांखाली थोडं सगळ्यांचंच कमी भरतं, माझं तेवढं माईकवर गेलं.

आणि ही सोय मी चालू केलेली नाही, मला ती कुठं असते हेच माहीत नव्हतं. मग कुणी केली, ताई? मोजणीचा कागद सोबत आहे, खाली आत्याची सही आहे.

माझ्यावर विश्वास नव्हता, निदान नळीवर ठेव.
तुझा,
सिद्धू

*

बारामती
१३ फेब्रुवारी २०२५

चि. सिद्धूस,
अनेक आशीर्वाद.

कुणी चालू केली ते मला आठवतंय. भाऊबीजेला, आपल्या जेवणाच्या टेबलाशी. घड्याळ तुझ्या हातात द्यायच्या आधी ह्यांनी त्यात काहीतरी केलं आणि तुला बजावलं, की आता बॅटरी चार दिवस जाईल, आत बोटं घालू नकोस. तू घातली नाहीस. आयुष्यात कुणाचं ऐकलंस ते नेमकं तेवढंच.

काल ताटावर मी तुझा कागद ठेवला आणि भाऊबीजेची आठवण करून दिली. हे म्हणाले, की नळीनं कधी शर्यत मोजतात का, आणि हजार माणसांसमोर बोललेलं आता गिळायचं का. मी विचारलं, की माझ्या भावानं सत्तावीस दिवस काय गिळलं मग? सत्तावीस नाही, पंचवीस, अशी माझी चूक काढली आणि ताटावरून उठले. इतका हिशेबी माणूस आणि बाराशे मीटर खाऊन बसलाय! आज ऑफिसच्या कामाला पुण्याला गेले, रविवारी रात्री येतील. मोजणी बघायला कळंबला पाऊल टाकणार नाही, असं दारातून सांगून गेले.

नसतील बोलत तर तेवीसला माईक मी घेईन. पायरीशी नाही, वर जाऊन. नवरा समोर असला तरी.

तुझ्याबद्दल शंका आली, ती माझी चूक. दाजींच्या पाठीमागं लपवत नाही, ती माझी स्वतःची.

मोठी असून तुझ्याकडून लोभ मागते आहे.
तुझी,
ताई

*

कळंब
१५ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माईक तू घेऊ नकोस. तू बोललीस की लोक म्हणतील, बहिणीनं भावाला पदरात घेतलं. अकॅडमीवाले तर हसतीलच. ज्या तोंडानं चोर म्हटलं त्याच तोंडानं नाही म्हटलं पाहिजे, नाहीतर मी जन्मभर बनातून आडवा पळालेला सिद्धू. मग मी इथं राहत नाही. लखनच्या ओळखीचा एक ट्रक रत्नागिरीला जातो. समुद्र बघायचा राहिलाच आहे माझा. पण जायचं तर मनानं जावं, हाकलल्यासारखं नाही.

तुझ्या शेवटच्या ओळी मी चारदा वाचल्या. तुझ्यावरचा राग गेला, लिहून देतो. दाजींवरचा आहे तसा आहे आणि तो कमी कर म्हणून तू सांगायचं नाही.

तुझ्यावरची माया कुठल्याच घड्याळात कमी भरणार नाही.
तुझा,
सिद्धू

ता. क. लखन पत्रासाठी थांबलाय, पण हे लिहायलाच हवं. दाजी आलेत. ऑफिसच्या बुटांत, एकटेच, पुण्याहून थेट. माझ्याकडं न बघता आत्याला विचारलं, की नळी कुठाय, मला स्वतः मोजायचंय. आत्यानं जावयाला पाणी दिलं, पण बसा म्हणाली नाही. टोक हातात देऊन म्हणाली, की वाकून धरा जावईबापू, वळणाला वाट सोडायची न्हाय. आणि चुकलं आसंल तर तेवीसला तितंबी आसंच वाका. ते व्हय म्हणाले, ताई. मी कानांनी ऐकलं.

आता फाटकाशी उन्हात वाकून उभे आहेत आणि दुसरं टोक धरायला मला हाका मारतायत. सत्तावीस दिवस मी उभा होतो. दोन मिनिटं त्यांनाही उभं राहू दे, मग उठतो.