काठाचा रंग चर्चेने ठरेल

३ मार्च
आमच्या ऑनलाइन विणकाम ग्रुपतर्फे हॉस्पिटलच्या बालविभागाला लोकरीची चादर द्यायची आहे. चौकोन सगळ्याजणी विणणार, काठाचा रंग तेवढा ठरायचाय. डेंटिस्टबाईंनी लगेच पोल टाकला: पिवळा की निळा. मी डिलीट केला. ग्रुप मी काढला, अ‍ॅडमिन मी. मतदानात नुसती डोकी मोजतात. डोक्यात काय आहे ते चर्चेत कळतं. कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी हेच शिकवलं. बोलायच्या त्याच, ते सोडा.

४ मार्च, सकाळ
चर्चा उत्तम. नेव्ही ब्लूचे फायदे मी अकरा मेसेजमध्ये मांडले. डेंटिस्टबाईंनी 'पण मुलांना पिवळा' एवढंच लिहिलं, तोवर माझी व्हॉइस नोट गेली. दिवसभर लोकांना आ करायला लावतात, स्वतः एका वाक्यात गार. धाकट्या जावेने नुसता अंगठा पाठवला. बोलायचा आळस, लग्न होऊन आली तेव्हापासून.

७ मार्च
ग्रुपवर संपूर्ण शांतता. याला म्हणतात एकमत. टेलिफोन खात्यात सुपरवायझर होते तेव्हाही माझ्या मीटिंगा अशाच सुरळीत व्हायच्या. नेव्ही ब्लू लोकर आणली, भरपूर. चर्चा झाली म्हटल्यावर ह्यांनी विचारलं, कोणाशी.

१२ मार्च
जावेकडे गेले. ती चहा टाकायला आत गेली आणि तिचा फोन टेबलावर वाजतच राहिला. दुसऱ्याचा फोन बघायची मला सवय नाही, पण चष्मा डोळ्यांवरच होता. 'विणकाम २'. माझ्याखेरीज सगळ्या. काठ पिवळा ठरलेला, तोही पोल न घेता. ढीगभर मेसेज, एकमेकींची थट्टा, उसवलेल्या चौकोनांचे फोटो, कुणाच्या तरी गुडघ्याची चौकशी. माझ्या ग्रुपवर अशी चर्चा एकदाही झाली नाही.
जाऊ कप घेऊन दारातच थांबली. म्हणाली, "ताई, तुम्ही बोलायला लागलात की आमच्या सुईवरचे टाके सुटतात."
चहात साखर कमी होती. तेही बोलले नाही.

१४ मार्च
मला 'विणकाम २'मध्ये घ्यायचं का, यावर त्यांनी पोल घेतला. निकाल: घ्यायचं, एकमताने. अट: महिनाभर फक्त मत द्यायचं, मेसेज नाही. निषेधाचा मेसेज लिहिला. पुसला.
संध्याकाळी पोल आला: काठाची कड साधी की लाटांची. माझं मत: लाटांची.
नेव्ही ब्लू लोकरीचा ह्यांना स्वेटर करणार. सविस्तर चर्चा झाली. विरोध नाही.