एक जूनची नोंद

शहाड, ४ ऑगस्ट २०२५

चि. रचनास, अ. आ.

फोनवर बोललो तर तोंडातून शिव्या येतील, म्हणून पत्र. बाबांच्या मेंदूचा स्कॅन तू तुझ्या ऑफिसच्या स्कॅन मोजणाऱ्या कॉम्प्युटरवर तपासलास, ठीक. पण त्याचा अहवाल बुद्धविहाराच्या समितीला कुणाला विचारून पाठवलास? काल त्यांनी बाबांकडून विहारातल्या अभ्यासिकेची किल्ली काढून घेतली. तीस वर्षं पहाटे पाचला कुलूप उघडणारा माणूस कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडलाय. आई जेवली नाही. वरचा आशीर्वाद सवयीने लिहिलाय, मनावर घेऊ नकोस.

प्रशांत

खोपट, ठाणे, ८ ऑगस्ट

ती. दादास, जय भीम.

अभ्यासिकेत बाबांकडून दोनदा चहाचा गॅस चालू राहिला. तिथे चाळीस मुलं बसतात. तू झाकत राहिलास, म्हणून मला लिहावं लागलं. आणि मी मनचं काही सांगितलेलं नाही. मेंदूत आठवणी सांभाळणारा जो भाग असतो, त्याचं आकारमान सदुसष्ट वर्षांच्या हजार निरोगी माणसांशी ताडून पाहिलं. शंभरात फक्त तिघांचा बाबांपेक्षा लहान निघतो. तुझ्या रागाने आकडे बदलत नाहीत.

लोभाची अपेक्षा नाही.

रचना

शहाड, १२ ऑगस्ट

चि. रचनास, आशीर्वाद.

प्रशांतने तुझं पत्र वाचून दाखवलं. सदुसष्ट कुठून आणलंस? वीटभट्टीवरून उचलून मला शाळेत घातलं तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. मास्तरांनी सहा लिहिले आणि जन्मतारीख एक जून. आमच्या अख्ख्या वर्गाची एक जूनच होती. मी त्र्याहत्तरचा आहे. दरवर्षी तू केक आणतेस, तुझ्या आनंदासाठी कापतो. गॅस राहिला ही माझी चूक. ती मी समितीला दोन्ही वेळा त्याच दिवशी सांगितली होती.

बाबुराव

खोपट, ठाणे, १६ ऑगस्ट

ती. बाबांस, सविनय जय भीम.

त्र्याहत्तर धरून पुन्हा गणित केलं. आता शंभरात पंधरा जणांचा तुमच्यापेक्षा लहान निघतो. एवढ्यावरून कुणी आजार म्हणत नाही. चूक माझी होती, असं समितीला लेखी कळवलंय. पण इतकी वर्षं तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत, याचा मला राग आहे. पुढच्या रविवारी येते. तोवर दादाला शांत ठेवा आणि माया कमी करू नका.

रचना

शहाड, २१ ऑगस्ट

चि. रचनास,

किल्ली मिळाली. शेगडी मीच तिथून काढली, चहा थर्मासमधून नेतो. रविवारी ये, आई वाट पाहतेय. मी अभ्यासिकेत असेन.

हजार अनोळखी माणसांशी तू मला ताडून पाहिलंस. माझं वय मात्र मला विचारलं नाहीस. ठाण्याहून शहाड तासाभरावर आहे.

बाबुराव