नको म्हणणाऱ्याची परीक्षा

१२ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आईच्या पायाची बोटं काळी पडली आहेत. साखरेनं शेवटी डाव साधला. सर्जन म्हणतात, गुडघ्याखाली पाय कापला तर वाचेल. आई म्हणते, नको. मी रडले, रागावले, अबोलाही धरून पाहिला, ती ढिम्म. तू तिकडे एवढा डॉक्टर, तूच काही सुचव.

दुपारी दुखण्याचं औषध दिलं की इथली खोली पाण्याखाली गेल्यासारखी होते. पांढरा पडदा हलत राहतो आणि आई बाबांशी बोलत बसते. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली रे! काल मला म्हणाली, जरा सरक, त्यांना बसू दे. आणि मी वेडी सरकलेही.

माया आहेच, थोडा धीर धाड.

तुझी ताई

१५ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सरकलीस हे वाचून हसलो, मग तेवढंच पुन्हा वाचलं. ऐक. मनोविकारतज्ज्ञांना दुपारीच बोलाव, औषधानंतर. आई बाबांशी बोलताना दिसली की ती निर्णय घेण्याच्या स्थितीत नाही असं ते लिहितील. मग ऑपरेशनच्या संमतीवर मुलगा म्हणून सही मी करीन आणि आई वाचेल. हे बरोबर नाही, मलाही कळतं. पण आई एकच आहे गं.

रागावलीस तरी चालेल, लोभ पातळ करू नकोस.

धाकटा

१९ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अ. आ.

खोटं कशाला सांगू, डॉक्टरबाईंना दुपारीच बोलावलं होतं. त्या दाराशी आल्या, आई पडद्याकडे बघून मुलीसारखी लाजत होती, आणि माझ्याच्यानं राहवेना. औषध आत्ताच दिलंय, सकाळी या, असं सांगून टाकलं.

सकाळी त्यांनी आईला तिच्याच शब्दांत सगळं सांगायला लावलं. आई म्हणाली, नाही कापला तर विष वर चढेल आणि मी जाईन, कदाचित लवकरच. पण दुसऱ्याच्या हातानं उठणं-बसणं नको, आहे त्या अंगानं जाईन. बाबांचं विचारलं तर म्हणाली, ते गेले हे ठाऊक आहे मला, म्हणून काय त्यांनी येऊच नये? बाई खुदकन हसल्या. मग आईनं उलट विचारलं, मी हो म्हटलं असतं तर माझं डोकं तपासायला आला असतात का?

आई शुद्धीत आहे, निर्णय तिचाच, असं त्यांनी लिहिलं. आता भांडायचं तर आईशीच भांड रे.

राग माझ्यावर काढ, पण लोभ ठेव.

ताई

२३ ऑक्टोबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा प्रश्न मला झोंबला. माझ्याकडे हो म्हणणाऱ्याला मी सही कुठं करायची तेवढं दाखवतो. आज वार कोणता असं विचारून डोकं तपासतो ते फक्त नको म्हणणाऱ्याचं. इतकी वर्षं हे खटकलंच नाही बघ.

तुझं मला पटलेलं नाही, आई. डोळे मिटले की तुला उचलून ऑपरेशनच्या टेबलावर नेत असतो, आणि तू माझ्या हातात कापसासारखी हलकी असतेस. पण सही करणार नाही. शुक्रवारी येतोय. मत बदललंस तर वॉर्डात नाचेन. नाही बदललंस तर डॉक्टरकी दाराबाहेर ठेवून उशाशी बसेन.

तुझा लोभ आता मला पुरवून पुरवून वापरायचा आहे.

तुझा धाकटा