वखरावरचा दगड

जळगाव,
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

चि. सविता,

सप्रेम जय भीम. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. थंडी सुरू झाल्यापासून माझा गुडघा थोडा कुरकुरतो. दिवाळीनंतर तुझी शाळा सुरू झाली असेल. धुळ्यात थंडी इथल्यापेक्षा जास्त असते, सकाळच्या शाळेला जाताना कानाला बांधत जा.

बातमी आधी सांगतो. तुझ्या वडिलांचा दगड आकाशातूनच आलेला आहे. काल सकाळी साडेअकराला डॉ. मोनाली पावरा यांनी प्रयोगशाळेतून मला फोन करून तसं सांगितलं आणि संध्याकाळी सहीचा अहवाल पाठवला. त्याची प्रत या पत्रासोबत आहे. आधी ती वाच. हवं तर पत्र बाजूला ठेव आणि दोनदा वाच.

तुला फोन का केला नाही, याचं उत्तर पुढे येईल. आपण पाठवलेल्या तुकड्यावर संपर्कासाठी माझा नंबर होता, म्हणून डॉक्टरांनी मला कळवलं. तुला मीच सांगतो, चार दिवस द्या, असं मी त्यांना म्हणालो.

सप्टेंबरात त्या दगड बघायला आल्या, तेव्हा तुला परीक्षेच्या कामातून निघता आलं नव्हतं. त्या दिवसाचं मी तुला फोनवर दोन वाक्यांत सांगितलं होतं. आता नीट सांगतो. डॉक्टर मूळच्या चोपडा तालुक्यातल्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातल्या. चपला काढून त्या थेट मातीत बसल्या. मंदावहिनींनी, म्हणजे तुझ्या आईने, त्यांना नीट न्याहाळलं आणि विचारलं, "इतली लांबथून उनी, नि तेबी दगड देखाले?"

डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, "आजी, तो माझ्याहून लांबून आलाय."

दगड वावरातल्या शेडात वखराशेजारीच होता. तोतारामभाऊ, तुझे वडील, गेल्यावर वावर बटाईने कसायला दिलं, बैल गेले, वखर गंजला, पण दगड कोणी हलवला नव्हता. त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे गुंडाळलेले होते. मला वाटायचं, वखरावर वजन म्हणून बांधताना घसरू नये म्हणून ते असतील. डॉक्टरांनी एक पट्टा हळूच सोडवला. उघड्या जागी दगड तांबूस, गंजल्यासारखा झाला होता. रबराखाली मात्र काळीभोर, तुळतुळीत साल होती, जशी पडल्या दिवशी असेल तशी. हवेतून येताना दगड वरून वितळतो, त्याची ती साल. डॉक्टरांनी पट्टा उलटून पाहिला. मग त्यांनी विचारलं, "हे कोणी बांधलं?"

वहिनी म्हणाल्या, यांनीच. दर वर्षी पेरणीआधी नवे पट्टे चढवायचे. दोर घासून साल जायला नको, म्हणायचे.

"त्यांना माहीत होतं," डॉक्टर म्हणाल्या.

सविता, मी पस्तीस वर्षं बातम्या लिहिल्या. पूर पाहिले, दंगली पाहिल्या, मंत्री पाहिले. त्या दुपारी शेडात माझ्या अंगावर काटा आला तसा कधी आला नव्हता. साडेचार अब्ज वर्षं. आकडा मी तीनदा विचारून घेतला, जुनी सवय. आपली गिरणा नव्हती, सातपुडा नव्हता, ही काळी जमीन नव्हती, अजून पृथ्वीही पुरती गोळा झाली नव्हती, तेव्हाचा हा दगड. तो येऊन पडला तीन एकरांच्या कपाशीत, आणि तुझे वडील त्याच वावरातली ढेकळं त्याच्याकडून फोडून घेत राहिले. आणि साल जपत राहिले.

मी हात लावला. अकरा किलोंचा आहे. भाद्रपदाच्या उन्हातही गार होता.

तुमच्या घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेले दोन शब्द तुला आठवत असतील. भडगावच्या वाचनालयात बसून भाऊंनी ते शोधले होते. मीटिऑर म्हणजे दिसतो तो उजेड. मीटिऑराइट म्हणजे जमिनीवर पोचतो तो दगड. तू पाचवीत होतीस, इंग्रजी त्याच वर्षी सुरू झालेलं. आल्यागेल्याला तू ते दोन्ही शब्द म्हणून दाखवायचीस. आज धुळ्यात पोरांना शिकवतेस, तेव्हाही तेच वाक्य वापरतेस, असं तू मला सांगितलंस.

आता मला त्या डिसेंबरकडे यायला हवं. १९९६.

सकाळी सातला आवाज झाला, कापूस वेचणाऱ्या बायांनी आभाळात पांढरी रेघ पाहिली. दुसऱ्या दिवशी तोतारामभाऊंना वावरात खड्डा सापडला. गावातले काही जण शेंदूर घेऊन आले, पाराशेजारी बसवू म्हणाले. भाऊंनी नकार दिला. भांडले नाहीत. त्यांचं वाक्य वहिनींना अजून पाठ आहे. "देव नही शे, दगड शे. पन भलता लांबथून येल शे." आधी तपासू, मग काय ते ठरवू, असं त्यांचं म्हणणं. गाव रुसलं.

मग ते माझ्याकडे आले. मी सव्वीस वर्षांचा, भडगावचा वार्ताहर. छापून आलं तर जळगावहून कोणी शिकलेला माणूस बघायला येईल, अशी त्यांची आशा होती. त्यांनी मला दोन्ही शब्द समजावून सांगितले. "उजेड बठ्ठा गावनी देखा," म्हणाले. "दगड मन्हा वावरमा शे. तुम्ही या, सोताना डोळाघाई देखा." मी उद्या येतो म्हणालो.

आवाज झाला त्यानंतर चार दिवसांनी छापून आलं, 'उल्केची अफवा फुसकी. दगड खाणीतल्या सुरुंगाचा, जाणकारांचे मत'. गावाने ती बातमी पारावर वाचून दाखवली. भाऊंना 'उल्कावाला तोत्या' म्हणू लागले, तुला शाळेत उल्काबाई. तू दोन महिने शाळेत जायला रडायचीस. कोणी शिकलेला माणूस आला नाही. भाऊंनी दगड वखरावर बांधला आणि त्यावर पुन्हा बोलले नाहीत.

पुढे तुमच्याकडे येता-जाता मी तुझा काका झालो. तू मोठी झाल्यावर एकदा मला विचारलंस, काका, ती बातमी कोणी लिहिली होती? मी म्हणालो, तेव्हा जळगावच्या डेस्कवर कोणीही काहीही घुसडायचं. तू विश्वास ठेवलास. मार्चमध्ये दगडाला चुंबक चिकटल्यावर तू पहिला फोन मला केलास. तुकडा पाठवायचं काम माझ्यावर सोपवलंस. परवा म्हणालीस, काका, तुम्ही होतात म्हणून.

ती बातमी मी लिहिली होती.

तेव्हा बातम्यांचं पाकीट एसटीने जायचं. भडगावहून चार चाळीसची गाडी, कंडक्टरच्या हातात पाकीट, रात्री जळगावला डेस्कवर. गाडी चुकली की तो दिवस गेला. भाऊंकडे ज्या दिवशी यायचा शब्द दिला होता, त्या दिवशी माझ्याकडे दुसरी मोठी बातमी नव्हती. चहाच्या टपरीवर खाणीवरचा एक माणूस म्हणाला, आमच्याच सुरुंगाचा दगड असेल. तोच माझा जाणकार. वीस मिनिटांत लिहून पाकीट दिलं. त्यात मी दगडाला सरसकट उल्का म्हटलं, ती चूक लहान आहे. शब्द बरोबर वापरला असता तरी मी तितकाच दोषी असतो. मी गेलो नव्हतो. नदीपलीकडे तुमचं वावर, डिसेंबरात गिरणेला गुडघाभरही पाणी नव्हतं.

त्या दिवशी भाऊंनी बांधावर खाट टाकली होती. वहिनींनी पेपरवाल्यासाठी भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती. दिवस कलल्यावर ती शेजारच्या वेचणारणींना वाटली. हे मला वहिनींनीच सांगितलं, कितीतरी वर्षांनी, हसत. त्यांना माहीत नव्हतं.

भाऊंना मात्र माहीत असावं. जायच्या आदल्या वर्षी हिवाळ्यात ते माझ्याकडे वांगी घेऊन आले होते. उठताना दारात थांबून एवढंच म्हणाले, "तुम्ही येवाले पाहिजे व्हतं, भूपेंद्रभाऊ." मी ते जेवायला यायचं समजल्यासारखं केलं.

फोनवर सांगितलं असतं, तर पहिल्या वाक्यालाच तू आनंदाने बोलू लागली असतीस आणि मी पुन्हा गप्प बसलो असतो. म्हणून पत्र.

पुढचं असं ठरलं आहे. शनिवारी, २२ तारखेला, सकाळी दहाला डॉ. पावरा आणि त्यांचे दोन सहकारी वावरावर येतील, दगडाची नोंद करतील. दगड कुठे राहायचा ते तू आणि वहिनी ठरवाल. सापडल्याच्या नोंदीत नाव तोतारामभाऊंचं असेल, हे डॉक्टरांनी मला लेखी दिलं आहे. रविवारी पेपरात बातमी येईल. खाली चौकटीत माझा खुलासा, माझ्या नावासह. संपादकांनी भाषा सौम्य करू का विचारलं, मी नको म्हणालो. पहिलं वाक्य आहे, 'मी शेतावर गेलो नव्हतो.'

शुक्रवारी मी वहिनींकडे जाणार आहे, छापून यायच्या आधी त्यांनी ते माझ्या तोंडून ऐकावं म्हणून. त्यांनी उठून जा म्हटलं तर उठेन. तसं म्हटलं नाही, तर शनिवारी तुमच्या बांधावर असेन, जिथे भाऊंनी खाट टाकली होती. आता पूल आहे, तरी पात्रातून चालत येईन. तू धुळ्याहून सकाळच्या गाडीने आलीस, तर मला तिथेच पाहशील. माझ्याशी बोललीच पाहिजेस असं नाही. दगडाजवळ मात्र तू असावंस.

एकोणतीस वर्षं उशिरा निघालेला,
आणि तू म्हणू दिलंस तर अजून तुझा काका,
भूपेंद्र