काखेतल्या तीन गाठी

४ नोव्हें.
अंबाजोगाईला जाऊन आले. डाव्या स्तनातली गाठ कॅन्सरचीच. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. डॉक्टरबाईंनी कागदावर काख काढून दाखवली. म्हणाल्या, "काखेत सगळ्यांनाच बारीक गाठी असतात. कॅन्सर पसरला तर आधी त्यातल्या पहिल्या दोन-चार गाठींत जातो. निळं औषध टोचून त्या शोधू, ऑपरेशन चालू असतानाच तपासू. चांगल्या निघाल्या तर बाकीच्यांना हात लावायचा नाही." सगळ्या काढल्या तर हात सुजतो कधीकधी, जन्मभर. मी डावखुरी. फळ्यावर कशी लिहू?

११ नोव्हें.
शुद्धीवर आले तर समोर हे. नुसती तीन बोटं दाखवली. मग, "तीनच काढल्या. तिन्ही चांगल्या." आणि रडायला लागले. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

१२ नोव्हें.
लघवी हिरवीगार. सोबत सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, त्या थेट नर्सकडे. "अवं बाई, हिरवं कावून?" नर्स म्हणाली, निळ्या औषधानं होतं, दोन दिवसांत जाईल. आत्याबाई: "मंग आधी सांगायचं न्हाई का? मी नवस बोलून बसले." हसून हसून टाके दुखले.

२३ नोव्हें.
पक्का रिपोर्ट. गाठ पूर्ण निघाली, काख स्वच्छ. रेडिएशन घ्यावं लागेल, ते पुढच्या महिन्यात. परत येताना केजला एसटी थांबली तेव्हा यांनी पेढे घेतले, गाडीतच वाटले. कंडक्टरनं विचारलं, "पोरगा झाला का?" हे म्हणाले, "न्हाई, बायको झाली."

१ डिसें.
हाताचा व्यायाम. भिंतीवर बोटं चढवत न्यायची, पोचतील तिथं पेन्सिलीची खूण. आत्याबाई शेजारी उभ्या राहतात, त्यांचाही खांदा आखडलेला. आज त्यांची खूण माझ्या खुणेच्या वर. "मास्तरीन म्हनं," असं पुटपुटत चहा करायला गेल्या.

९ डिसें.
आत्याबाईंनी गल्लीभर सांगितलंय, दुखत न्हाई म्हणून गाठ लपवू नका. संध्याकाळी शेजारची कमल आली, वाटीभर साखर मागायला. दिली तरी उठेना. मग माझा हात धरून पदराआडून स्वतःच्या काखेशी नेला. हरभऱ्याएवढी गाठ लागली.
"ताई, कसली असंल?"
"मला नाही कळत. डॉक्टरबाईंना कळेल."
नवऱ्याला सांगितलं का विचारलं, तर "न्हाई."
आत्याबाई आतून म्हणाल्या, "सकाळची पहिली गाडी किती वाजता हाय?"
कमल अजून बसलीय. मी वेळापत्रक शोधतेय.