दोन नावांचे कंदील

न्यू टेरिटरीज, हाँगकाँग
३ जानेवारी १९७२

चि. यिऊ-चुंग यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाळाचा, का-होंगचा फोटो पोचला. नाक आपल्या बाबांचं, डोळे कुणाचे ते मॉरीनला विचार. बाबा फोटो खिशात घालून गावभर मिरवतात. नव्या वर्षाच्या पौर्णिमेला पूर्वजांच्या मंदिरात कंदील लागतील. वर्षभरात झालेल्या प्रत्येक मुलग्याचा एक. कंदील लागला की पोरगा गावाचा, गावच्या जमिनीत त्याचा वाटा. लाल कागदावर नाव लिहून पाठव. बाबांना हल्ली दम लागतो, पुढच्या वर्षीचं काय सांगावं.

बोल्टनच्या थंडीत कान झाक. माया आहेच, ती पत्रातून दिसू दे.

तुझी ताई,
लान-फोंग

बोल्टन
१५ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

मॉरीनला प्रश्न फार, हे तुला ठाऊकच आहे. आमच्या चिप्सच्या दुकानात बटाटे सोलता सोलता तिने विचारलं, थोरली मेई-सिन झाली तेव्हा कंदील लागला होता का. मी म्हटलं, मुलींचा लागत नाही. तिने सोलणं थांबवलं. आता तिचं म्हणणं, लागले तर दोघा भावंडांचे लागतील, नाहीतर एकाचाही नको. भांडत नाही ती, तिला फक्त 'का' ते हवंय. मला सांगता येईना. तुला माहीत असेल तर कळव.

धाकट्यावर लोभ ठेव, रागावलीस तरी.

यिऊ-चुंग

हाँगकाँग
२८ जानेवारी

चि. यिऊ-चुंग यास आशीर्वाद.

मला तरी कुठे माहीत? बाबांना विचारलं तर ते चहा पीत राहिले. मग मी मंदिराचा कारभार बघणाऱ्या सातव्या काकांकडे गेले. ते म्हणाले, इंग्रज तोफा घेऊन आले तेव्हा आपली माणसं लढली, मेली. शेवटी त्यांच्या गव्हर्नरानेच कबूल केलं की तुमच्या रीतीभातींना हात लावणार नाही. त्र्याहत्तर वर्षं इंग्रज सरकारने शब्द पाळला, आणि आता एक इंग्रज सून तो मोडणार काय? रस्त्यासाठी जमीन गेली तेव्हा याच सरकारला ते सकाळ-संध्याकाळ शिव्या घालत होते, पण ते असो. मुलाचा लावू, मुलीचा नाही, हे त्यांचं शेवटचं.

बाबा जेवत नाहीत नीट. लवकर लिही.

ताई

बोल्टन
८ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

काकांचं म्हणणं मॉरीनला सांगितलं. तिने विचारलं, ते वचन दिलं-घेतलं तेव्हा बायका कुठे होत्या? मी म्हटलं, दोन्हीकडच्या घरीच. म्हणाली, तेव्हा माझ्या आजीला इंग्लंडात मतसुद्धा नव्हतं, मग तिच्या नावाने कसली वचनं देत होते हे?

दोन्ही नावं पाठवतोय. बाबांना योग्य वाटेल ते करू देत, असं ती आपण होऊन म्हणाली. एकच लागला तर मात्र तिला कळवू नकोस.

इकडे आड, तिकडे विहीर. सांभाळून घे.

यिऊ-चुंग

हाँगकाँग
१ मार्च

चि. यिऊ-चुंग आणि सौ. मॉरीन यांस अनेक आशीर्वाद.

हे पत्र मॉरीनला पूर्ण वाचून दाखव. काल बाबा दोन कंदील घेऊन मंदिरात गेले. काकांनी एक घेतला आणि दुसरा परत केला. मग बाबांनी काकांच्या हातातला कंदीलही मागून घेतला. जन्मभर वडीलधाऱ्यांपुढे ब्र न काढलेला माणूस! लोक बघत राहिले. मुलग्याला दार पुढच्या वर्षीही उघडं आहे, असं काका मागून ओरडले. तोवर आपण असू का, हे बाबांना ठाऊक नाही, तरी ते वळले नाहीत.

आमच्या दारावर दोन्ही कंदील लावले. मग त्यांनी मला अजून एक आणायला सांगितलं. मला वाटलं, वय झालं, मोजण्यात चुकले. मी आणला तर म्हणाले, यावर तुझं नाव घाल, तू झालीस त्या वर्षी मी विचारायला हवं होतं.

मी सेहेचाळीस वर्षांची आहे, यिऊ-चुंग. दारातच उभी राहून रडले, आणि बाबांनी स्टुलावर चढून तो स्वतः लावला.

मॉरीनला म्हणावं, 'का' ते अजून कुणालाच सांगता आलेलं नाही. तिने विचारत राहावं.

तुम्हा चौघांची,
लान-फोंग