सरळ केलेली तार

बाबा, काल मी हिचं काम बिघडवलं. तुमच्या सुनेचं. दुसऱ्या कुणाला सांगायची लाज वाटते म्हणून तुम्हाला लिहीत बसलो आहे.

म्हातारपणी हिला मण्यांचा नाद लागला आहे. तुटलेल्या माळांचे, जुन्या तोरणाचे मणी ती बिस्किटांच्या डब्यात जमवते आणि मोबाइलवर बघून तांब्याच्या बारीक तारेत ओवते. तारेचा गोल करायचा, त्यातून मण्यांचे पदर सोडायचे, खिडकीत टांगायचं. ऊन आलं की भिंतीवर रंगीत ठिपके हलतात. सनकॅचर म्हणतात म्हणे त्याला. ही उन्हाचं लटकन म्हणते. माझी लेक अकोल्याला नव्या घरात राहायला गेली आहे, तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसाठी हिने ते करायला घेतलं. तार मीच राजापेठेतून आणून दिली, पंख्या-मोटारींची तार भरणाऱ्या वायंडिंगवाल्याच्या दुकानातून. दुकानात शिरताच वार्निशचा वास आला आणि तुम्ही आठवलात. तिथूनच माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. ही काम करत असली की मी समोर बसून बघायचो. गोल एका बाजूला चपटा झालेला, पीळ कुठे घट्ट, कुठे सैल. मणी निसटेल, तार कुणाला टोचेल, व्याही हसतील, असं डोक्यात सारखं चालायचं. ‘अवो, तुमी तिकडं पेपर वाचा,’ ही म्हणायची. ‘तुमच्या पाहण्यानंच माह्यी तार वाकडी होऊन राहिली.’

काल दुपारी ती भजनाला गेली आणि मी पक्कड घेऊन बसलो. वाटलं होतं, एकच पीळ नीट करू. मग दुसरा दिसला. मग सगळे पदर सोडवून पुन्हा ओवले. गोल वाटीवर दाबून अगदी गोल केला आणि लटकन खिडकीत टांगलं. खरं सांगतो, मला फार बरं वाटत होतं. ती आली, चपला काढल्या आणि दारातूनच खिडकीकडे बघत राहिली.

‘कोणं केलं हे?’

‘थोडंसं सरळ केलं. तुझंच आहे.’

‘माह्यं कुठं राह्यलं आता? तुमीच घेऊन जा अकोल्याले. पोरीले सांगा, तुह्या बापानं केलं म्हणून.’ तिने डब्याला झाकण लावलं आणि डबा कपाटावर ठेवून दिला, जिथे तिचा स्वतःचाही हात नीट पोचत नाही. रात्री माझं ताट वाढलं आणि आत निघून गेली. रविवारी आम्हाला अकोल्याला जायचं आहे आणि ही म्हणाली, ‘मी रिकाम्या हातानं येईन.’

तेव्हापासून मला धामणगावचं आपलं वायंडिंगचं दुकान दिसतं आहे. मी आठवीतून शाळा सोडलेली. तुम्ही मला टेबलपंखे देता, जळालेली तार काढून नवी भरायला. मी भरतो, तुम्ही हातात फिरवून बघता आणि म्हणता, ‘जमलं लेका.’ मी घरी जेवायला जातो तो छाती फुगवूनच. एक दिवस अर्ध्या वाटेतून परत येतो, पिशवी राहिलेली असते. तुम्ही दाराकडे पाठ करून बसलेले आहात. माझा सकाळचा पंखा तुमच्या मांडीवर उघडा, मी भरलेली तार खाली पडलेली, आणि तुम्ही नवी भरता आहात. मी पिशवी न घेताच वळतो. संध्याकाळी गिऱ्हाईक येतं तेव्हा तुम्ही त्याला सांगता, ‘पोट्ट्यानं भरला. हात बसला त्याचा आता.’ मी मान खाली घालून उभा. असे किती पंखे तुम्ही पुन्हा भरले, देव जाणे. त्या दिवसापासून मी लावलेलं कुलूप मला लागल्यासारखं वाटत नाही. गॅस बंद करतो आणि परत जाऊन बघतो. ह्याचा दोष मी आयुष्यभर मनातल्या मनात तुम्हाला देत आलो, आणि काल पक्कड हातात घेताना मला तुमची आठवणसुद्धा झाली नाही.

आज सकाळी मी ते लटकन उतरवलं आणि पुन्हा वाकडं करायला बसलो. जमेना. तिचा गोल कसा चपटा होता ते आठवून दाबलं, तर पायाखाली आल्यासारखं दिसायला लागलं. ही चहा घेऊन आली.

‘आता काय वाकडं करून राहिले काय?’

मी हो म्हटलं. तिला हसू आलं, पण तिने ते गिळलं. मग मी तिला तो पंखा सांगितला. इतक्या वर्षांच्या संसारात कधी सांगितला नव्हता. ती पाहुण्यांना सांगायची, आमच्या ह्यांच्या कामात सासऱ्यानं कधी चूक काढली नाही, आणि मी ते ऐकून घ्यायचो. तिने कप खाली ठेवला.

‘मंग तुमी भरलेला फिरला असता काय?’

‘माहीत नाही.’

‘काहून? इचारलं नाही त्यायले?’

‘नाही. वेळच आली नाही.’

तिने स्टूल ओढून डबा खाली काढला. ‘हात मांडीखाली दाबून बसा,’ म्हणाली, आणि नवी तार घेतली. आत्ता ती माझ्यासमोरच ओवते आहे. मधे एकदा हात काढू दिला, तो हे लिहिण्यापुरता.

पण वेळ आली नाही हे मी तिला खोटं सांगितलं, बाबा. तुमच्या शेवटच्या दुखण्यात मी रोज उशाशी होतो आणि तुम्ही चांगले बोलत होतात. मी विचारलं नाही. नसता फिरला, असं तुम्ही म्हणाला असतात तर सोसलं असतं. फिरला असता, तरी पुन्हा भरला, असं म्हणाल याचंच भय होतं.